मिरजेत तीन गुंठ्यांत घर झालं, उरलेल्या जागेत बाग कशी आखावी आणि हत्यारं कोणती घ्यावीत?

कृष्णाकाठचा (३ मे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

मिरजेत तीन गुंठ्यांचा प्लॉट होता, ४५ बाय ७२ फूट. मागच्या वर्षी बांधायला काढलं आणि फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. घर ३० बाय ४०, वर एक मजला. रस्ता आणि गेट पूर्वेला. पुढं १७ फूट मोकळं आहे, मागं पश्चिमेला १५ फूट, दक्षिणेला १० फुटांची पट्टी आणि उत्तरेला ५ फुटांचा बोळ, म्हणजे सगळी मिळून दोन हजार स्क्वेअर फुटांच्या आसपास जागा उरलीय. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे, त्याचं मागचं दार दक्षिणेच्या पट्टीत उघडतं. बोअर ईशान्येला, सेप्टिक टँक मागं वायव्य कोपऱ्यात. दक्षिणेचा शेजारचा प्लॉट अजून मोकळाच पडलाय त्यामुळं तिकडून दिवसभर भरपूर ऊन येतं.

माती काळी. आत्ता उन्हानं अशा भेगा पडल्यात की माझा पंजा मनगटापर्यंत आत जातो. आणि वर सगळा बांधकामाचा राडारोडा, खडी, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट.

एका लँडस्केपवाल्याला बोलावलं होतं. त्यानं पुढं सगळं लॉन, चारी बाजूंनी कंपाउंडला लागून कोनोकार्पसची झाडं, गेटजवळ चार फॉक्सटेल पाम आणि मागं सगळीकडं पेव्हर ब्लॉक असं कॉम्प्युटरवर चित्र करून दाखवलं, १ लाख ८५ हजारांचं कोटेशन दिलं. चित्र छान होतं, खोटं कशाला बोलू. पण आईनं ते मोबाईलवर नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "ह्यात देवाला वाहायचं फूल कुठलं रे?" आमच्या जुन्या घराच्या परड्यात तिची जास्वंद होती, तगर होती, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ होती, शेवगा होता. ते घर वाटणीत गेलं. ती आता ६८ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, तरी रोज सकाळी त्या ढेकळांतून एक चक्कर मारून येते.

तर मला तिच्यासाठी बाग करायचीय. लॉन नको असं आता मनात पक्कं झालंय पण त्याच्या जागी काय आणि कुठं ते कळत नाही. घरात दोन वर्षांची मुलगी पण आहे. दुसरं म्हणजे हत्यारं. ऑनलाइन एक १४ नगांचा सेट बघून ठेवलाय, सुटकेसमध्ये येतो, घेऊ का? पाऊस महिन्यावर आलाय, त्याआधी काय काय उरकून घ्यावं?

---

परसदारची (४ मे)

दादा, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून लिहायलाच बसले. सांगलीतच आहे मी, वीस वर्षं झाली आमच्या बागेला, तुमच्यासारखीच काळी माती आणि तुमच्यासारखाच लांबट प्लॉट.

पहिली गोष्ट, झाडांची यादी आत्ता करू नका. एक रविवार काढा आणि सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ ला घराची, कंपाउंडची सावली कुठं पडते तिथं फक्कीनं रेघ मारा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पण एवढ्यावर विसंबू नका कारण मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर असतो, आपल्याकडं मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दुपारी थोडा उत्तरेकडंच कललेला असतो. आत्ता उत्तरेच्या बोळात ऊन दिसेल आणि तुम्ही तिथं गुलाब लावाल. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका खाली जातो की वीस फूट उंच भिंतीची सावली भर दुपारी सुद्धा सोळा-सतरा फूट उत्तरेला पडते. तुमचा बोळ पाच फुटांचा. म्हणजे दिवाळीपासून पुढं तीन-चार महिने तिथं ऊन नाहीच. मी हेच केलं होतं, उत्तरेला सहा गुलाब लावले, पावसाळ्यात तरारले आणि थंडीत जेव्हा फुलायचं तेव्हा भुरी येऊन बसले. आता तिथं अडुळसा, नागवेल आणि नेचे आहेत, खूश आहेत.

आता उलट बाजू. दक्षिणेचा प्लॉट आज मोकळा आहे, उद्या तिथं दुमजली घर उठलं तर तुमच्या पट्टीचं थंडीतलं ऊन गेलंच म्हणून समजा. त्यामुळं तिथं वीस-पंचवीस वर्षं जगणारं आणि ऊन मागणारं झाड लावू नका. तिथं भाज्यांचे वाफे करा, स्वयंपाकघराचं दार तिथंच आहे, कोथिंबीर, मिरची, मेथी हाताशी राहील, आणि पुढं ऊन गेलं तर वाफे हलवता येतील, झाड हलवता येत नाही.

दहा फूट रुंदी आहे ना, मग घराला लागून तीन फूट वाट, नंतर चार फुटांचा वाफा, मग कंपाउंडपर्यंत पुन्हा तीन फूट वाट आणि कंपाउंडवर वेल. चार फुटांपेक्षा रुंद वाफा करू नका, दोन्हीकडून हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. आईंसाठी वाफ्याची भिंत दीड फूट उंच घ्या, वरती शहाबादी फरशीची कड द्या म्हणजे त्याच कडेवर बसून त्या काम करतील, खाली बसायला नको. माझ्या सासूबाईंना असंच करून दिलं होतं, शेवटपर्यंत त्या लसणाची पात स्वतः खुडायच्या.

वाट तीन फूट म्हणतेय ती मुद्दाम. दोन फूट कागदावर पुरेशी वाटते, पण घमेलं डोक्यावर घेऊन माणूस आला आणि एका बाजूला मेथी ओणवली की पाय ठेवायला जागा राहत नाही.

वाटा करायच्या आधी त्यांच्याखालून दोन इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे घालून ठेवा, दर दहा-बारा फुटांवर एक, दोन्ही तोंडं झाकून. उद्या ठिबकची नळी किंवा दिव्याची वायर न्यायची झाली तर फरशी उखडायला लागत नाही. आम्ही हे केलं नाही आणि नवी फरशी दोनदा फोडली.

पुढची १७ फुटांची जागा ही देवाच्या फुलांची. सकाळचं कोवळं ऊन आहे, जास्वंद, तगर, मोगरा, जाई, पारिजातक, गोकर्णाचा वेल गेटच्या कमानीवर. सोनचाफा लावायचा तर कलमाचा घ्या, बियांच्या रोपाला फुलं यायला फार वर्षं जातात. तुळशी वृंदावन दारासमोर. लाल कण्हेर मात्र मुलगी मोठी होईपर्यंत लावू नका, तिचा चीक आणि पानं विषारी असतात.

मागची पश्चिमेची जागा फळझाडांना. दुपारचं कडक ऊन तिथं येतं, झाडं झाली की मागची भिंत तापायची थांबेल, हा फायदा दोन उन्हाळ्यांत कळतो. लिंबू (साई सरबती मिळालं तर बघा, राहुरी विद्यापीठाचं वाण आहे), एक पेरू, एक सीताफळ, नैऋत्येच्या कोपऱ्यात शेवगा. आंबा हवाच असेल तर शेवग्याच्या जागी एकच केसर, आणि फळं उतरली की दरवर्षी छाटायचा, जीव कळवळला तरी छाटायचा.

---

वाफसा (४ मे)

परसदारची ताईंनी आखणी एकदम बरोबर सांगितलीय, मी मातीचं बोलतो. शेतकरी घरातला आहे, कवठेमहांकाळकडचा.

आधी राडारोडा. वरवरचा उचलून भागत नाही. बांधकामावाले प्लिंथच्या कडेनं काय काय पुरतात ते बघितलं की वाईट वाटतं. माझ्या भावाच्या घरी पेरूचं कलम दोनदा मेलं, तिसऱ्यांदा लावायच्या आधी खणून बघितलं तर दीड फुटावर अख्खं सिमेंटचं पोतं दगड होऊन पडलेलं आणि त्याच्या खाली सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, त्यात वाळवी अशी की फळी हातात घेतली तर पापडासारखी मोडली. झाडाचा काय दोष त्यात. म्हणून पहार घेऊन जिथं जिथं झाड येणार तिथं ठोकून बघा, आवाजावरून कळतं. लाकूड तर एकही तुकडा आत ठेवू नका.

दुसरं, पाणी मुरतं का ते बघा. झाडाच्या जागी फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी पण तसंच असेल तर तिथं सरळ खड्डा करून झाड लावायचं नाही. पहिलं पाणी धरू नका, भेगांतून ते कुठल्या कुठं जातं आणि माणूस फसतो.

आता सगळे सांगतील की ३ बाय ३ चा खड्डा घ्या, पोयटा माती, शेणखत भरा आणि झाड लावा. मुरमाड जमिनीत ते बरोबरच आहे. पण चिकट काळ्या मातीत तो खड्डा म्हणजे हौद होतो हो. बाजूची माती पाणी जिरवत नाही आणि आतली भुसभुशीत माती सगळं पाणी ओढून घेते, जुलै-ऑगस्टमध्ये मुळं पाण्यात उभी राहतात आणि कुजतात. त्यापेक्षा खड्डा दीड-दोन फुटाचाच घ्या आणि वर फूट-दीड फूट उंचीचा, तीन-चार फूट रुंदीचा उंचवटा करा, झाड त्या उंचवट्यावर लावा. लिंबाला तर हे पाहिजेच, लिंबाची मुळं पाणी साचलेलं अजिबात सहन करत नाहीत.

खड्डे मात्र आत्ताच घ्या, महिनाभर उन्हात तापू द्या. मग वळीव होऊन गेला की खालची माती, शेणखत, सुका पालापाचोळा आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा. शेणखत कुजलेलं बघून घ्या, हातात धरलं तर भुगा झाला पाहिजे आणि वास शेणाचा नाही तर मातीचा यायला पाहिजे. कच्चं टाकलं की हुमणी आणि वाळवीला आमंत्रण.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी उत्साहात कुदळ घेऊन उतरू नका. ओली काळी माती तुडवली की तिची वीट होते आणि ती वर्षभर नीट होत नाही. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटून पसरला तर काम करा, चपटा होऊन बसला तर दोन दिवस थांबा. मृगाच्या पहिल्या सरीवर लावायची घाई पण करू नका, एक-दोन पाऊस चांगले झाले आणि जमीन खालपर्यंत ओली झाली की आर्द्रात लावा.

घराच्या भिंतीपासून तीन फुटांच्या आत झाड पण नको आणि पाणी पण नको. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, प्लिंथला हे चांगलं नाही. तिथं मुरूम दाबून फरशी टाका आणि उतार घराकडून बाहेर ठेवा.

जास्वंद, गुलाब, लिंबाची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर त्याला आम्ही केवडा पडला म्हणतो. आपल्या मातीत चुनखडी असते त्यामुळं लोह असून मुळांना मिळत नाही. चमचाभर हिराकस (फेरस सल्फेट) घमेलंभर शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. पाणी पाणी करून उपयोग होत नाही त्याला, जास्त पाण्यानं उलट वाढतं.

---

कृष्णाकाठचा (५ मे)

काय बोलू, एवढं सविस्तर कुणी समोर बसून पण सांगितलं नसतं. आज सकाळी फक्की आणून रेघा मारल्या, मुलगी त्या रेघांवरून चालत होती. आणि पहार उसनी आणून ठोकून बघितलं, मागच्या बाजूला दोन ठिकाणी ठण्ण वाजतंय, उद्या गडी बोलावलाय.

लॉनबद्दल अजून एक. बायकोचं म्हणणं असं की मुलीला खेळायला थोडी तरी हिरवळ हवी. आणि कोनोकार्पस शेजारच्या कॉलनीत सगळ्यांनी लावलेत, पटकन वाढतात, त्यात वाईट काय?

---

ओंजळभर_पाणी (५ मे)

हिरवळ ठेवा की, फक्त सतराच्या सतरा फूट नको. हिशेब करून बघा, भर उन्हाळ्यात हिरवळीला रोज एका स्क्वेअर मीटरला कमीत कमी पाच लिटर पाणी लागतं. तुमचा पुढचा भाग ४५ बाय १७ म्हणजे ७१ स्क्वेअर मीटर, म्हणजे रोजचे साडेतीनशे लिटर. बोअर मे महिन्यात किती चालतो ते शेजारी विचारा आणि मग ठरवा. १० बाय १२ चा तुकडा ठेवला तर साठ लिटरच्या आत भागतं आणि पोरीला लोळायला तेवढं खूप झालं. मऊ दिसणारं कार्पेट ग्रास नको, साधी हरळीची जात घ्या, तुडवलेलं तीच सहन करते, आणि आईंना गणपतीला दूर्वा पण मिळतील.

पाण्यावरूनच आठवलं, गच्चीच्या पाण्याचं काय केलंय? १२०० स्क्वेअर फूट गच्ची, आपल्याकडं वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी पडतं. गच्चीवरून खाली येणारे पाइप जर सरळ रस्त्यावर सोडले असतील तर आत्ताच वळवा, गाळणी लावून बोअरजवळ शोषखड्डा करा. बाग झाल्यावर खणायला गेलात तर झाडांची मुळं तुटणार.

कोनोकार्पस नको म्हणजे नकोच. परदेशी झाड आहे, मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपकडं धावतात आणि परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो म्हणून गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमचा सेप्टिक टँक तर मागंच आहे. कुंपणाला कुंती लावा, मेंदी लावा, कोरांटी लावा. हळू वाढतात हे खरं, पण दोन वर्षांनी कुंती फुलली की रात्री सगळ्या गल्लीला वास येतो आणि मधमाश्या येतात, कोनोकार्पसवर एक पक्षी बसत नाही.

---

कानस (६ मे)

हत्यारांचं कुणी बोललं नाही म्हणून मी लिहितो. आमचा पिढीजात धंदा लोखंडाचा, आता मी नोकरी करतो पण हात अजून विसरले नाहीत.

तो १४ नगांचा सेट घेऊ नका. मी वहिनींच्या घरी असा एक बघितलाय. त्यातलं हातातलं छोटं थापीसारखं फावडं कुंडीच्या कोकोपीटला ठीक आहे, पण काळ्या मातीत दाबलं तर मानेतून वाकलं, सरळ केलं तर तिथंच चीर गेली. पत्रा पातळ आणि दांडा नुसता चिकटवलेला. १४ मधली नऊ हत्यारं त्यांनी आजपर्यंत बाहेर काढलेली नाहीत.

तुम्हाला लागणार काय तर खणायला एक टिकाव आणि एक कुदळ, एक खोरं (पुण्याकडचे फावडं म्हणतील), एक पहार, दोन लोखंडी घमेली. रोजच्या कामाला खुरपी दोन, एक तुमचं आणि एक आईंचं. छाटणीला एक कटर आणि एक घडीची करवत. एक झारी. एक कानस. झालं. मोठी खोदाई संपली की टिकाव-पहार वर्षातून दोनदा हातात येतील, त्यामुळं ती उसनी मिळत असतील तर विकत पण घेऊ नका, पैसे खुरप्यात आणि कटरमध्ये घाला.

खुरपं दुकानातलं नको, लोहाराकडं जा. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड वापरून करून द्या म्हणून सांगा, समोर उभं राहून करून घ्या. घेताना तीन गोष्टी बघायच्या. पात्याच्या पाठीवर नखानं टिचकी मारा, बद्द आवाज आला तर कुठंतरी चीर आहे, खणखणीत पाहिजे. पातं मुठीत कुठपर्यंत गेलंय ते बघा, मुठीच्या पार जाऊन मागं वळवलेलं असेल तर ते आयुष्यात निघत नाही, नुसतं इंचभर खुपसलं असेल तर पहिल्याच पावसात हलायला लागतं. आणि धारेला पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलीय का, ते कानशीनं कळतं, कानस धारेवरून थोडी घसरली तर पाणी चांगलं बसलंय, साबणासारखी खात गेली तर धार टिकणार नाही.

आईंचं खुरपं वेगळं करून घ्या. मूठ थोडी जाड आणि लांब, पातं लहान आणि हलकं. म्हाताऱ्या माणसाची बोटं पूर्ण वळत नाहीत, बारीक मूठ धरायला जास्त जोर लागतो आणि मनगट दुखतं. त्यांना बरोबर घेऊन जा, हातात देऊन बघा, लोहार मूठ तिथल्या तिथं तासून देईल. आणि वाफ्याच्या कडेवर बसून लांबचं तण काढायला त्याच पात्याचं एक, अडीच फुटी दांड्याचं करून घ्या.

खोऱ्याचा दांडा आखूड मिळतो, त्यानंच कंबर धरते. साडेतीन-चार फुटी बाभळीचा घाला, वाळलेला. उन्हाळ्यात लाकूड आकसून दांडा सैल होतो, लोक पाण्यात बुडवून ठेवतात, तेवढ्यापुरतं घट्ट होतं आणि वाळलं की पुन्हा खुळखुळ. त्यापेक्षा पाचर मारा आणि वर्षातून एकदा दांड्याला जवसाचं तेल चोळा.

कटरमध्ये दोन प्रकार येतात. एकात दोन्ही पाती कात्रीसारखी एकमेकांशेजारून जातात, दुसऱ्यात एक पातं सपाट पट्टीवर येऊन आपटतं. दुसरं वाळक्या काटक्यांना ठीक, जिवंत हिरव्या फांदीला नको, ती फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या जागेतून बुरशी शिरते. पहिल्या प्रकारचं घ्या, फाल्कनचं साधं पण चालेल, फक्त नटबोल्ट उघडून पातं बाहेर काढता येतं का आणि स्प्रिंग वेगळी मिळते का ते विचारा. अंगठ्यापेक्षा जाड फांदी कटरनं दाबायची नाही, तिथं करवत. काम झालं की चीक ओल्या फडक्यानं पुसायचा, रोगट फांदी कापली असेल तर स्पिरिटनं पुसायचं, थेंबभर मशीनचं तेल आणि बंद करून ठेवायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे. माझ्याकडचं कटर अकरा वर्षांचं आहे.

खुरपं, खोरं धुऊन लगेच कोरडं करा. घमेल्यात वाळू भरून त्यात वापरलेलं इंजिन ऑइल थोडं ओतून ठेवा, रोज संध्याकाळी पातं त्यात दोनदा खुपसलं की मातीही निघते आणि गंजही धरत नाही. मुलीच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर भिंतीला खिळे मारून टांगा, कोपऱ्यात उभी करू नका.

---

परसदारची (६ मे)

कानस दादा, आईंना बरोबर न्यायचं तुम्ही सांगितलंत ते फार आवडलं. मी माझं खुरपं असंच बारा वर्षांपूर्वी गावाबाहेर पालं टाकून बसलेल्या घिसाड्यांकडून, म्हणजे फिरत्या लोहारांकडून, करून घेतलंय, मूठ माझ्या हाताच्या मापाची आहे, दुसरं कुणी घेतलं तर मला लगेच कळतं.

एक राहिलं होतं. स्वयंपाकघराच्या बाहेर भांडी घासायची मोरी असेल तर ते पाणी गटारात घालवू नका, आईंची केळ आणि अळू तिथंच लावा, कर्दळ पण. उष्टं मात्र आधी खरडून काढायचं नाहीतर घुशी येतात. सेप्टिक टँकजवळ खायचं काही नको, तिथं नुसती फुलझाडं, तीही टाकीच्या झाकणापासून लांब आणि उथळ मुळांची.

---

कृष्णाकाठचा (२९ जून)

मंडळी, सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, आज सवडीनं लिहितोय.

ठण्ण वाजत होतं तिथं काँक्रीटचा ढीग निघाला, घमेल्यावर घमेली, ट्रॉलीची एक खेप भरली. वायव्य कोपऱ्यात तर फळ्या पण निघाल्या, वाळवी लागलेल्या, वाफसा दादा म्हणाले तशाच. पाणी मुरायची परीक्षा घेतली तर मागं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी होतं, म्हणून तिन्ही झाडांना उंचवटे केले. गच्चीचे पाइप वळवले, शोषखड्डा झाला. दक्षिणेला दोन वाफे बांधून घेतले, दीड फूट, वर शहाबादी. वाटेखालून पाइपचे चार तुकडे घातले. लँडस्केपवाल्याला नम्रपणे नाही म्हणून कळवलं. सगळं मिळून त्याच्या कोटेशनच्या निम्म्यात बसलं आणि त्यात राडारोडा काढायची मजुरीच सगळ्यात जास्त होती.

आईला घेऊन लोहाराकडं गेलो होतो. तिनं चार खुरपी हातात घेऊन बघितली, पाचव्याची मूठ तीनदा तासायला लावली. लोहार म्हणाला, मावशी शेतातल्या दिसताय. ती काही बोलली नाही पण येताना पूर्ण रस्ता खुरपं पिशवीत न ठेवता मांडीवर धरून बसली होती.

आर्द्रात दोन पाऊस चांगले झाले, लाडू टाकून बघितला, फुटला, मग गेल्या रविवारी लिंबू, पेरू, सीताफळ लावलं. कलमाचा जोड मातीच्या वर ठेवलाय. पुढं जास्वंद, तगर, मोगरा लावला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी कढीपत्ता लावलाय, शेजारच्या काकूंनी त्यांच्या झाडाखालचं मोठं रोप दिलं. सोनचाफा अजून मिळाला नाही मनासारखा.

आता एक नवीन प्रश्न. लिंबाच्या कोवळ्या पानावर दोन अळ्या आहेत, पक्ष्याची शिट पडावी तशा दिसतात, काळपट आणि मधे पांढरा पट्टा. दोन पानं कुरतडलीत. नर्सरीवाला फवारणी कर म्हणतोय. आई म्हणते थांब. काय करू?

---

ओंजळभर_पाणी (२९ जून)

आईचं ऐका, फवारू नका. ती फुलपाखराची अळी आहे, लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, तेही ह्याच गोतातलं. झाड मोठं असतं तर दहा-पंधरा अळ्या असल्या तरी काही बिघडत नाही. तुमचं लिंबू आठवड्याचं आहे, त्याला दोन पानं गेलेली पण जड, म्हणून तेवढं पान अळीसकट अलगद तोडा आणि कढीपत्त्याच्या झुडपावर टाचून ठेवा, तोही त्याच कुळातला, बहुतेक वेळा अळ्या तिथं खातात.

मोठी झाली की हिरवीगार होते आणि बोट लावलं तर डोक्याच्या मागून दोन केशरी शिंगं बाहेर काढते. मुलीला दाखवा.

---

कृष्णाकाठचा (३० जून)

दोन्ही नेऊन ठेवल्या. सकाळी आईनं चष्मा लावून बघितलं, एक कढीपत्त्याचं पान खातेय, दुसरी अजून सापडली नाही.